निवड झाली म्हणजे काय झाले?

परवा मगरिबच्या अजानला दहा-बारा मिनिटे असतील. भज्यांचा शेवटचा घाणा कढईत होता आणि दारात आमचे शेजारी उभे. हे गगनबावडा ते कोल्हापूर वडाप चालवतात. एरवी रमजानात इफ्तारच्या तोंडावर ते कधी येत नाहीत, ‘तुमची गडबड असती’ म्हणून टाळतात. त्या दिवशी हातात मोबाइल होता आणि चेहऱ्यावर आनंद की काळजी हे कळत नव्हते.

‘मॅडम, एवढं इंग्रजी वाचून सांगा. पोराची निवड झालीया म्हणं.’

पोरगा नववीत आहे. फुटबॉलसाठीच कोल्हापुरात मामाकडे राहून शिकतो. शाळेच्या संघात डाव्या बगलेला खेळतो आणि चांगला खेळतो, हे मी शेजारधर्म म्हणून लिहीत नाही, मी त्याचा सामना पाहिला आहे. आंतरशालेय स्पर्धेत ट्रॅकसूट घातलेल्या एका गृहस्थांनी त्याला बाजूला घेऊन वडिलांचा नंबर मागितला. आठ दिवसांनी तीन पानांची पीडीएफ आली. परराज्यातली निवासी फुटबॉल अकादमी. पहिल्या पानावर अभिनंदन, हिरवेगार मैदान, युरोपातल्या एका खेळाडूचे छायाचित्र. दुसऱ्या पानावर वर्षाची फी अडीच लाख, त्यातून ‘स्कॉलरशिप’ वजा जाता पावणेदोन लाख. पंचवीस हजार सात दिवसांत भरायचे, ते परत मिळणार नाहीत. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात अटी. शिक्षणाला ‘साहाय्य केले जाईल’, आणि दुखापतीची जबाबदारी व्यवस्थापनावर राहणार नाही.

खजूर तोंडात घालून मी पुन्हा एकदा वाचले. मग त्यांना विचारले, ‘भाऊ, ही निवड आहे की प्रवेशाची जाहिरात?’ ते गप्प झाले. पावणेदोन लाखांसाठी दोन म्हशी आणि घरातले थोडे सोने असा त्यांचा हिशेब आधीच मांडून झाला होता.

मी लगेच नको म्हटले नाही. नको म्हणण्याचा अधिकार मला किती, हाही प्रश्न आहे. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत छोटा तालुका. पावसाळ्यात चार महिने समोरचे माणूस दिसत नाही असे धुके आणि असा पाऊस. इथल्या पोराला सपाट मैदान मिळणे हीच मोठी गोष्ट. डोंगरातल्या मुलाला कोणी बाहेर बोलावत असेल तर त्याने घरी का बसावे? माझ्या विद्यार्थ्यांना मीच रोज सांगते की घाट उतरा, जग बघा. मग याच्या बाबतीत जीभ का अडखळली, ते सांगायला हवे.

माझा धाकटा भाऊ १९९६ च्या जूनमध्ये असाच गेला. तेरा वर्षांचा होता. संस्था दुसऱ्या जिल्ह्यातली, केव्हाच बंद पडली, नाव घेण्यात अर्थ नाही. अब्बा एसटीत वाहक होते. त्यांनी ट्रंक स्वतः खांद्यावर नेऊन ठेवली. पहिला रमजान जानेवारीत आला, कडाक्याच्या थंडीत. सहरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे पहाटेचे जेवण. तिथली मेस सहाच्या आत उघडत नसे. भावाने तक्रार केली नाही, रात्रीची बिस्किटे खाऊन रोजे धरले. चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीतल्या जतच्या मुलाच्या लक्षात आले. त्याने रात्रीच्या जेवणातल्या दोन चपात्या आणि घरची शेंगदाण्याची चटणी डब्यात राखून ठेवायला सुरुवात केली आणि गजर लावून याला उठवायचा तोच. महिनाभर. तो मुलगा कोणत्या जातीचा हे भावाला आजही माहीत नाही. त्याच्या मुलीच्या बारशाला मात्र भाऊ जतला जाऊन आला.

तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. ‘मुरगळलाय’ म्हणून हळद-मिठाचा लेप लावला गेला. दोन महिन्यांनी सूज उतरली नाही तेव्हा त्याला घरी पाठवले, सोबत पत्रही नाही. त्याहून वाईट गोष्ट नंतर कळली. त्याचे नाव जवळच्या शाळेच्या पटावर होते, पण तो वर्गात बसला होता मोजके दिवस. दहावी दुसऱ्या प्रयत्नात निघाली. आज कोल्हापुरात उद्यमनगरात त्याचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज आहे, बरे चालते. तो कडवट नाही. अजून शाहू स्टेडियमवर सामना असला की गॅरेजचे शटर लवकर खाली येते. कडवट असेन तर मी.

म्हणूनच दुसरी बाजूही नीट मांडते, कारण ती खरी आहे. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. लहान वयात राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, पुण्याला बालेवाडीत गेला. तिथून पुढच्या अकादमीत, तिथून राष्ट्रीय संघाच्या शिबिरात. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा एकवीस जणांच्या भारतीय संघात तो होता. पुढे जमशेदपूर, हैदराबाद असा आयएसएलमध्ये खेळला. तो पेठेतच राहिला असता तर पेठेचा हिरो झाला असता, विश्वचषक खेळला नसता. ज्या वयात शरीर आणि सवयी घडतात त्या वयात रोजचा शास्त्रीय सराव, मोजून आहार आणि आपल्यापेक्षा सरस सोबती मिळणे, हे घरी राहून होत नाही. निवासी व्यवस्थेच्या बाजूचा हा युक्तिवाद मला पूर्ण मान्य आहे.

पण अनिकेतच्या त्या पहिल्या पायरीत एक गोष्ट होती. ती सरकारी प्रबोधिनी होती, घरातली म्हैस विकून मिळणारी जागा नव्हती. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी १९८७ पासून आहे, नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची ‘यंग चॅम्प्स’ २०१५ पासून. तिथे निवड झालेल्या मुलाचा खर्च संस्था उचलते. का उचलते? कारण मुलगा घडला तर तिचा फायदा आहे. म्हणजे ती मुलावर पैज लावते. ज्या अकादमीत पैसे बाप भरतो तिथे पैज बाप लावतो, आणि मुलगा घडला काय, न घडला काय, अकादमीचे वर्ष निघून जाते. फी घेणारे सगळे लबाड असतात असे मी म्हणत नाही. मैदान, प्रशिक्षक, खानावळ यांना पैसा लागतो, आणि काही जण मनापासून काम करतात. पण अशा ठिकाणी ‘निवड’ हा शब्द वापरू नये. महाविद्यालयात आम्ही त्याला प्रवेश म्हणतो.

आता पैज कशावर आहे तेही पाहू. आयएसएलमध्ये तेरा-चौदा संघ. एका संघात तीसेक खेळाडू, त्यांत काही परदेशी. म्हणजे सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात वरच्या पायरीवर साडेतीनशे-चारशे भारतीय मुलांना जागा. आणि ती पायरी तरी पक्की आहे का? जुलै २०२५ मध्ये फुटबॉल महासंघ आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातला करार अडला आणि पुढचा हंगामच स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरूसारख्या मोठ्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. जे सर्वांत वर पोचले त्यांची ही गत. मग नववीतल्या पोराला ‘करिअर’ म्हणून नेमके काय विकले जाते आहे?

याचा अर्थ फुटबॉल सोडावा असा नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आहे, पोलीस आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. पण यातल्या बहुतेक दारांवर दहावी-बारावीची गुणपत्रिका मागतात. आणि नेमका तोच कागद पातळ होतो. बाहेरच्या अकादमीत गेलेल्या मुलांचे पालक मला सांगतात, ‘दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून देणार.’ सतरा नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे. घर सोडून कामाला लागलेल्या माणसाला पुन्हा दहावीला बसता यावे म्हणून. तेरा-चौदा वर्षांच्या, रोज शाळेत जाऊ शकणाऱ्या मुलाला शाळेबाहेर ठेवण्यासाठी ती नाही.

इथे उर्दू-मराठीची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तालीम हा शब्द अरबीतून उर्दूत आणि उर्दू-फारसीच्या वाटेने मराठीत आला. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, आणि आता फुटबॉलचा संघही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. वस्ताद हा शब्दही उस्तादचाच. लखनौहून आलेले एक प्राध्यापक मित्र शाहू स्टेडियमबाहेरचा ‘तालीम मंडळ’ असा फलक वाचून म्हणाले होते, ‘इतक्या शिक्षणसंस्था एकाच मैदानावर?’ आम्ही हसलो. पण हसण्यासारखे फार नाही. कुस्तीच्या तालमीत खेड्यातली पोरे कित्येक पिढ्या राहत आली आहेत. गंगावेस तालमीत, मोतीबागेत. पहाटे जोर, मग आपला स्वयंपाक आपण, थंडाईचे बदाम आपणच कुटायचे. आमच्या तालुक्यातूनही पोरे गेली. म्हणजे निवासी क्रीडा अकादमी ही कोल्हापूरला परकी कल्पना नाही. फरक इतका की वस्तादाचे घर दोन गल्ल्यांवर असे, पोराच्या बापाला तो नावाने ओळखत असे, आणि पोरगा चुकला तर दोघांनाही रात्री झोप नसे. तालमीत मोहरमचा पंजाही बसतो आणि गणपतीही. एखादा पोरगा उपवासाला आहे की रोज्याला, हे तिथे सांगावे लागत नाही.

आणि वसतिगृहांचे तर हे माहेरच. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढली, १९०६ मध्ये मुस्लिमांसाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले, १९०८ मध्ये अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदानही त्यांनीच बांधले. एकाच माणसाने मुलांच्या डोक्याची आणि अंगाची, दोन्हींची सोय पाहिली. माझ्या आजोळची दोन माणसे दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकली. तिथे ठेवताना आजोबांनी म्हैस विकली नव्हती. बोर्डिंग ज्या कामासाठी होते ते काम शाळा होते, बाकी सगळे तिच्या भोवती. आजच्या खेळाच्या बोर्डिंगांत शाळा ‘साहाय्य केले जाईल’ या तीन शब्दांत उरकली जाते.

मग सरकार काय करते? जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने खासगी शिकवण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, खोटी आश्वासने देऊ नका, फी परतीचे नियम ठेवा. कोटासारख्या शहरांत मुलांचे जे हाल झाले त्यानंतर हे सुचले. सूचना कितपत पाळल्या जातात हा वेगळा विषय, पण निदान प्रश्न मान्य झाला. शिकवणीत मूल संध्याकाळी घरी येते. निवासी क्रीडा अकादमीत ते रात्रीही तिथेच असते, आणि तरी त्याबद्दल अशी चर्चा आमच्यापर्यंत ऐकू येत नाही. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात अल्पवयीन खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी धोरण ठेवण्याची गोष्ट आहे, चांगले आहे. महासंघही अकादम्यांना तारांकित मान्यता देतो. पण भाड्याचा बंगला, दोन दुमजली खाटांच्या खोल्या आणि शेजारी तासावर घेतलेले मैदान, याला ‘इंटरनॅशनल अकादमी’ अशी पाटी लावण्यापूर्वी कोणाची परवानगी लागते, ते शिक्षणाधिकाऱ्यांनी आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी एकदा लोकांना सांगावे. शाळेला पट दाखवावा लागतो, मुलींच्या वसतिगृहाला महिला अधीक्षक लागते. इथे रात्री मुलांजवळ कोण झोपते, हे तरी कोणी विचारावे.

जगात हे प्रश्न जुने आहेत. बार्सिलोनाच्या ला मासियाचे नाव सगळी पोरे घेतात, मेस्सी तेराव्या वर्षी अर्जेंटिनाहून तिथे गेला म्हणून. पण अल्पवयीन परदेशी मुलांना नियम मोडून घेतल्याबद्दल २०१४ मध्ये फिफाने याच बार्सिलोनावर खेळाडू घेण्याची बंदी घातली होती, ते पोस्टरवर छापत नाहीत. फिफाचा नियम असा की अठरा वर्षांखालच्या मुलाला, ठरावीक अपवाद सोडून, दुसऱ्या देशातल्या क्लबात नेता येत नाही. आणखी एक नियम आपल्या पालकांना मुळीच ठाऊक नसतो. खेळाडू पुढे मोठा झाला आणि रक्कम मोजून परदेशी क्लबात गेला तर त्या रकमेतले पाच टक्के, १२ ते २३ या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. म्हणजे तेराव्या वर्षी मुलाची नोंदणी कोणाच्या नावावर झाली याला पुढे पैशांचा अर्थ येतो. आणि ती नोंदणी सोडवून घ्यायची तर ना-हरकत कोणाकडे मागायची, हेही त्याच दिवशी ठरते. सही करताना बापाला वाटते आपण हॉस्टेलचा फॉर्म भरतो आहोत.

आपल्या पेठांकडेही माझे गाऱ्हाणे आहे. हंगामात शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. बक्षिसे लाखांत गेली, परदेशी खेळाडू आणले जातात, पोस्टर युद्धे होतात, कधी हाणामारीही. यातला थोडा पैसा बाजूला काढून दहा-बारा मोठ्या तालमींनी मिळून चाळीस मुलांचे एक वसतिगृह कोल्हापुरातच चालवले तर? शाळा महाराष्ट्र हायस्कूलसारखी, जिने फुटबॉलही सांभाळला आणि वर्गही. सराव जुन्या खेळाडूंकडे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडची पोरे तिथे राहतील आणि शनिवारी एसटीने घरी येतील. पंचावन्न किलोमीटर अंतरावर आई असणे आणि पंधराशे किलोमीटरवर असणे यात चौदा वर्षांच्या मुलासाठी फार फरक आहे. गुणवान मुलगा सोळा-सतराव्या वर्षी मोठ्या अकादमीत जाऊ दे, दहावीचा कागद खिशात घेऊन. पेठांना ही सूचना आवडेल असे नाही. एकमेकांच्या ईर्षेवर उभे असलेले मैदान आहे ते. पण मोहरम आणि गणपती एका छताखाली बसवणाऱ्या तालमींना चाळीस पोरे बसवणे अशक्य नसावे.

शेजाऱ्यांचे पुढे काय झाले, ते सांगते. त्या रात्री तरावीहनंतर भावाला फोन लावला. तो ऐकून घेत होता, मध्ये एकदाच म्हणाला, ‘आपा, पोराला विचारलंस का?’ खरेच विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी पोराला विचारले. तो म्हणाला, ‘मला जायाचं हाय. पण म्हस इकू नगा.’ एवढेच.

मग मी भाऊंना एक कागद लिहून दिला आणि स्पीकर लावून त्या अकादमीला फोन करायला सांगितले. मुलगा कोणत्या शाळेत, कोणत्या माध्यमात, आठवड्यातून किती दिवस बसणार? दाखला कोणाकडे राहणार? विमा आहे का, पाय मोडला तर खर्च कोणाचा? वर्षाच्या मध्ये परत आणला तर किती पैसे परत? मुख्य प्रशिक्षकाकडे कोणते लायसन्स आहे? गेल्या तीन वर्षांत तिथून गेलेल्या मुलांपैकी दोघांच्या वडिलांचे नंबर मिळतील का? पलीकडचे गृहस्थ पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो जाएगा सर’ म्हणाले, तिसऱ्याला ‘आजतक किसी का टूटा नहीं’ म्हणाले, आणि शेवटच्या प्रश्नानंतर फोन कट झाला. रेंज गेली असेल. गगनबावड्यात जाते. पुन्हा फोन मात्र आला नाही, पंचवीस हजारांची आठवण करून देणारा संदेश आला.

सात दिवसांची मुदत सोमवारी संपली. भाऊंनी पैसे भरले नाहीत, म्हशी गोठ्यात आहेत. पोरगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, ते मी समजू शकते. आता वार्षिक परीक्षा झाली की क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांची आणि खर्च उचलणाऱ्या दोन अकादम्यांच्या निवडीची चौकशी करायची, असे ठरले आहे. येत्या रविवारी माझा भाऊ गॅरेज बंद ठेवून पोराला आणि त्याच्या वडिलांना क्रीडा अधिकाऱ्यांच्या ओळखीतल्या एका जुन्या प्रशिक्षकांकडे घेऊन जाणार आहे. वडाप भाऊंचीच. परतायला उशीर होईल म्हणून वहिनींनी आत्तापासूनच विचारून ठेवले आहे की वाटेत रोजा सोडायला डब्यात काय द्यायचे.